वोदाच्या ताटातला मका

अग्लाया मावशीचे हात सिनेमात आहेत. बाकीची मावशी नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण हर्लेश्तीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं की आमच्या गावात एक नटी राहते. मग तो बिचारा केस विंचरून तिला बघायला जातो. दारात कोंबड्यांवर ओरडणारी, एप्रन बांधलेली सत्तरीची बाई उभी असते. नटी कुठं आहे असं त्यानं विचारलं की मावशी दोन्ही हात एप्रनला पुसते आणि त्याच्यापुढं धरते.

"या काय. घरीच असतात."

सिनेमाचं नाव 'ड्रागोमिर वोदा'. वोदा म्हणजे आमच्या मोल्दोवाच्या मुलखातला जुन्या काळचा राजा. हा ड्रागोमिर पंधराव्या शतकात तुर्कांशी लढतो, हरतो, रानोमाळ भटकतो, पुन्हा सैन्य जमवतो आणि शेवटी जिंकतो. एवढ्या धावपळीत त्याच्या मिशा एकदाही विस्कटत नाहीत. असा राजा खरंच होऊन गेला का, असं आमच्या चुबोतारू सरांना विचारलं तर ते सरळ 'नाही' म्हणतात. सरांनी जन्मभर गावाला इतिहास शिकवला, तेव्हा ते म्हणतात तसंच असणार. पण त्यानं आमचं काही अडत नाही. राजा झाला नसेल, पण त्यानं घोडा बांधला ते झाड आमच्याकडं आहे.

पन्नासेक वर्षांपूर्वी राजधानीतून सिनेमाची माणसं आली आणि त्यांनी आमच्या कुरणावर पंधरावं शतक उभं केलं. लढाईसाठी सैन्यातली पोरं आणली होती. सकाळी ती तुर्क असत आणि जेवण झालं की मोल्दोवाची. सकाळी ज्याला आपण मारलं त्याचाच सूड दुपारी आपणच घ्यायचा, असा सगळा कारभार. तरी मुडदे कमी पडायला लागले तेव्हा गावातले पुरुष घेतले. बूट दुरुस्त करणारा मिहालाके एकाच लढाईत तीनदा मेला, आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूंनी. दोनच बाजू होत्या हे मलाही कळतं, पण तो तसंच सांगायचा.

सिनेमा तयार झाल्यावर आमच्या सांस्कृतिक भवनात त्याचा पहिला खेळ झाला. संत इलियेची जत्रा होती. पुढच्या रांगेत जिल्ह्याचे साहेब लोक, त्यामुळं गाव मागं ताठ बसलेलं, सूर्यफुलाच्या बियासुद्धा कुणी फोडत नव्हतं. पडद्यावर लढाई संपली. छातीत बाण घुसलेला मिहालाके अगदी पुढ्यात पडलेला. आणि त्यानं हळूच एक डोळा उघडला. जेवणाच्या सुपाची गाडी आली का, ते बघायला. अंधारात त्याच्या बायकोचा, कातिंका काकूचा आवाज आला.

"मिहालाके, मेलायस ना? मग नीट मर."

साहेब लोकांनी आधी एकमेकांकडं बघितलं, मग तेही हसले. त्या दिवसापासून आमच्याकडं प्रथाच पडली. दर वर्षी जत्रेला दुपारच्या जेवणानंतर 'ड्रागोमिर वोदा' लागतो आणि त्यातली प्रत्येक चूक गाव ओरडून पडद्याला सांगतं. डोंगरामागं तारेचा खांब दिसला की पोस्टातली मंडळी ओरडतात. वोदाच्या घोड्यापुढं ट्रॅक्टरच्या चाकांची रांगोळी दिसली की ट्रॅक्टरवाले ओरडतात. राणीच्या बुटाला मागून चेन आहे, तो मान शिंप्यांचा. तुर्की पाशाच्या दंडावर देवीच्या लसीचा वण दिसला की दवाखान्यातल्या नर्सबाई उठून म्हणतात, "याला टोचलंय, पुढचा पाठवा." बाहेरगावचे लोक म्हणतात, तुमचा सिनेमा फार चुकीचा आहे. अहो, चुकीचा आहे म्हणून तर आमचा आहे. बरोबर असता तर तो त्या राजाचा झाला असता.

मिहालाके पुढं खराच गेला. कातिंका काकू म्हणते, या वेळी नीट गेला. पण पडद्यावर तो डोळा उघडतो तेव्हा ती अजूनही ते वाक्य म्हणते, आणि तेवढ्या वेळेला तिच्या आवाजात कुणी आवाज मिसळत नाही.

आता मावशीच्या हातांकडं येतो.

मावशी तेव्हा विशीची. सामुदायिक शेतीच्या खाणावळीत स्वयंपाकाला होती आणि सिनेमावाल्यांचं जेवण तिच्याकडं होतं. एक प्रसंग असा की हरलेला, भुकेला वोदा एका म्हातारीच्या झोपडीत येतो आणि ती त्याला खायला देते. कागदावर लिहिलं होतं पाव. गावच्या बेकरीतून पाव आला तो असा चौकोनी आणि गोरापान, की दिग्दर्शक म्हणाले, हा बघून तुर्कसुद्धा हसतील. इतिहासाचे सल्लागार होते, पण ते त्या दिवशी दाढ काढायला याश शहरात गेले होते. म्हणजे पंधरावं शतक त्या दिवशी एका दाढेमुळं बेवारस होतं. तेवढ्यात सूप घेऊन आलेली अग्लाया म्हणाली, भुकेल्या माणसाला काय, मामालिगा घालावी.

यात कुणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं? मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात रटरटत ठेवून केलेली घट्ट पिवळी मामालिगा आणि वर मेंढीचं चीज हे ज्या मुलखात माणूस दात यायच्या आधीपासून खातो, तिथं राजा काय दुसरं खाणार? मका म्हणून काही जगात कधी नव्हता, ही कल्पना आमच्याकडं पाणी नव्हतं म्हटल्यासारखी आहे.

म्हातारीचं काम करणारी नटी शहरातली होती. तिनं कढई पाटावर उलटी केली आणि मामालिगा चुलीत गेली. दुसरी कढई वोदाच्या बुटावर. शेवटी दिग्दर्शकांनी अग्लायाला म्हातारीचे कपडे घातले, तिच्या हातांना अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रस आणि काजळी फासली आणि फक्त हात टिपले. ते हात एका झटक्यात कढई उलटी करतात, पिवळा गोल घुमट पाटावर तसाच्या तसा बसतो, मग दोरा ताणून त्याखालून फिरतो आणि वाफाळलेली फोड वेगळी होते. वोदा खातो. त्या नटानं खरंच दिवसभर काही खाल्लं नव्हतं, त्यामुळं तो कागदावर नसलेलं एक वाक्य बोलून गेला. "अजून आहे का?" दिग्दर्शकांनी ते तसंच ठेवलं. सबंध सिनेमात एवढं एकच वाक्य खरं आहे, असं सर म्हणतात.

आणि या सरांचंच सगळं दुखणं आहे.

पहिल्या खेळाला चुबोतारू सर गावात नवे होते, कॉलेजातून निघून थेट आमच्या शाळेवर आलेले. सगळे ओरडतायत हे बघून त्यांनाही हुरूप आला. मामालिगा पाटावर बसली आणि सर उभे राहिले. "मका हा अमेरिकेतून..." एवढंच झालं. कातिंका काकूनं त्यांचा कोट धरून खाली ओढलं आणि दातांतून म्हणाली, "गप्प बसा मास्तर. पोरीचं एवढंच आहे."

कारण बाकीच्यांचे चेहरे होते. मिहालाकेचा होता, पाशा झालेल्या न्हाव्याचा होता. अग्लायाचे नुसते हात, तेही म्हातारे करून ठेवलेले. नवा झगा घालून ती तिसऱ्या रांगेत बसली होती. गावाला तिची कणव आली आणि गाव गप्प बसलं. मग पुढच्या वर्षी बसलं, त्याच्या पुढच्या वर्षी बसलं. मावशीचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवरा गेला, एक मुलगी इटलीला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली, तरी ते गप्प बसणं काही सुटलं नाही. सबंध सिनेमाभर बाजार भरलेला आणि मावशीचे हात आले की चर्चमध्ये असते तशी शांतता.

सरांना त्या शांततेत बसवत नाही. दर वर्षी मामालिगेच्या आधी ते सिगारेट ओढायला म्हणून बाहेर जातात. सर सिगारेट ओढत नाहीत. पायरीवर उभं राहून येतात. शाळेतसुद्धा त्यांनी मक्याचा धडा कधी धड शिकवला नाही, कारण पुढं मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि ते वर्गाच्या भिंतीला लागूनच. त्यामुळं आमच्या गावची पोरं परीक्षेत हमखास लिहितात की पंधराव्या शतकातले लोक मामालिगा खात. जिल्ह्याला पेपर तपासणाऱ्यांना त्यावरूनच कळतं, हा गठ्ठा हर्लेश्तीचा.

बरं, दोघांचं वैर असतं तर गोष्ट वेगळी. पण सरांची बायको गेल्यापासून दर रविवारी ते मावशीच्याच घरी जेवतात आणि दोघं मिळून टीव्हीवर ऐतिहासिक सिनेमे बघतात. रोमन असोत, चिलखतवाले सरदार असोत, मावशीला सगळे चालतात. लढाई सुरू झाली की ती भांडी घासायला उठते आणि राजे जेवायला बसले की परत येते. खऱ्या-खोट्याची तिची एकच कसोटी आहे. ताटं भरलेली दिसतात, पण रांधणारी बाई दिसत नाही, तो सिनेमा खोटा. एकदा सर रोमन सेनापतीच्या ताटातल्या टोमॅटोवर फार चिडले. म्हणाले, "अहो, टोमॅटो यायला अजून दीड हजार वर्षं आहेत." मावशी म्हणाली, "पिकलेला तर आहे." त्यावर सर गप्प झाले, कारण त्यांच्या स्वतःच्या ताटात मामालिगा होती. ती खात खात मक्यावर बोलणं त्यांना जमलं नाही. असे किती रविवार त्यांनी तो मका गिळला असेल, त्यांचं त्यांना ठाऊक.

मी भवनात पडदा आणि यंत्र सांभाळतो. खेळ संपला, लोक पांगले, की मावशी दर वर्षी माझ्यापाशी येते. विचारते, "माझ्या वेळी मागं कुणी काही म्हणालं?" मी सांगतो, "नाही मावशी, सगळे अगदी शांतपणे बघत होते." ती "हं" म्हणते आणि जाते. मला वाटायचं, समाधानानं जाते.

या वर्षी सिनेमाची जुनी फिल्म राजधानीच्या संग्रहालयानं साफसूफ करून नवी केली आणि ती घेऊन इलिंका नावाची एक तरुण बाई जत्रेला आली. खेळ झाल्यावर ती दोन शब्द बोलणार होती. शिकलेली बाई, जुन्या सिनेमांतल्या चुकांवरच तिचा अभ्यास, ती मका सोडतेय होय? ती बसमधून उतरली तशी मी, सर आणि कातिंका काकू असे तिघं तिला भवनामागं घेऊन गेलो आणि सगळं समजावलं. खांबावर बोला, चेनवर बोला, पाशाला वाटेल तेवढं टोचा. मक्याचं नाव काढू नका. मावशीला लागेल.

इलिंका चकित झाली. "पण सर, ती तर त्यातली सगळ्यांत मोठी..."

"माहीत आहे," सर म्हणाले. "माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही."

तिनं शब्द दिला. पोरगी भली होती. भली होती हाच घोटाळा झाला.

खेळ जोरात झाला. नवी फिल्म इतकी लख्ख, की पूर्वी कधी न दिसलेल्या चुका दिसायला लागल्या आणि लोकांना ओरडायला श्वास पुरेना. मग झोपडी आली. सर पायरीवर गेले. शांतता पसरली. लख्ख पडद्यावर ते हात आले, कढई उलटली, आणि दोरा ताणताना म्हातारीची बाही थोडी वर सरकली. अक्रोडाचा रस जिथं संपला होता तिथून वर गोरंपान, विशीतलं मनगट. इतकी वर्षं धुरकट फिल्ममध्ये ते कुणाला दिसलं नव्हतं. कातिंका काकूनं तोंड उघडलं आणि स्वतःच हातानं मिटलं. यंत्राच्या खिडकीतून मी बघितलं.

खेळ संपल्यावर इलिंका बोलायला उभी राहिली. खांब, चाकं, चेन, वण, सगळ्यांवर छान बोलली. लोक खूश. तिथं थांबली असती तर मला हे काही लिहावं लागलं नसतं. पण तिला मावशीसाठी जास्तीचं काहीतरी करायचं होतं. ती म्हणाली, इतक्या चुकांच्या या सिनेमात एक प्रसंग मात्र असा आहे की ज्यात बोट ठेवायला जागा नाही, आणि तो म्हणजे झोपडीतल्या मामालिगेचा.

मावशी पुढच्या रांगेत होती. ती उठली.

"बाई, जरा बसा," ती म्हणाली. "बोट ठेवायला जागा नाही म्हणता. मग हे सर दर वर्षी नेमके तेव्हाच बाहेर का जातात? बिडीसुद्धा ओढत नाहीत."

सर दारात उभे होते. ते आत येईनात आणि बाहेरही जाईनात.

"मका वोदाच्या नंतर आलाय, मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण शाळेच्या स्वयंपाकघरातून अख्ख्या मैदानाला ऐकू जायचा तोच आवाज. "दर रविवारी सर माझ्याकडं बसून रोमन लोकांच्या टोमॅटोवर चिडतात. टोमॅटो जिथून आला तिथूनच मका आला असणार, एवढं मला कळत नाही? मिहालाकेला ओरडता. राणीच्या बुटालासुद्धा ओरडता. माझे हात आले की सगळे मयताला आल्यासारखे बसता. इतकी वर्षं मी विचार करतेय, मी त्या सिनेमात आहे तरी का."

कातिंका काकू म्हणाली, "अगं, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच की. मामालिगेचं नाही वाटलं."

मावशीनं वळून माझ्या खिडकीकडं बघितलं. "मागं घे रे. झोपडीपासून लाव."

मी मागं घेतलं. दिवे पुन्हा विझले. सर या वेळी आत आले आणि मधल्या वाटेत उभे राहिले. पडद्यावर चूल पेटलेली, कढईत पीठ रटरटतंय. सरांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. एवढी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट, वाटलं आता भवनाचं छप्पर उडणार. पण तोंड उघडलं, आवाज नाही. कढई उलटली, घुमट पाटावर बसला, दोरा ताणला गेला, सर तसेच.

मावशी मान न वळवता म्हणाली, "सर, मका."

"मका," सर म्हणाले. हजेरी घेताना शेवटच्या बाकावरच्या पोराचं नाव घ्यावं, तसं. आणि मग सगळं भवनच मका मका करायला लागलं. पोस्टवाले, शिंपी, नर्सबाई, सगळे. इलिंकाही ओरडत होती, आणि तिचा आवाज चांगलाच मोठा निघाला. सरांना आता रस्ता सापडला होता, ते थांबेनात. कोलंबस झाला, जहाजं झाली, तुर्कांच्या बाजारपेठा झाल्या, ते बोलतच सुटले. शेवटी कातिंका काकूनं पुन्हा त्यांचा कोट ओढला. "गप्प बसा मास्तर. पुढचं माझं आहे." आणि पडद्याकडं बोट करून, जुन्या ओळखीच्या आवाजात म्हणाली, "अगं अग्लाया, हात आजीचे आणि मनगट कुणाचं चोरून आणलंस?"

लोकांनी बघितलं आणि दुसऱ्यांदा हसू फुटलं. मावशीनं अंधारात आपली बाही थोडी वर सरकवली. आपलं मनगट बघितलं, पडद्यावरचं बघितलं. तेवढ्यात वोदानं विचारलं, "अजून आहे का?" आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मावशीनं त्याला उत्तर दिलं. "आहे, आहे. आधी मिशा पूस."

त्या दिवशी ती माझ्याकडं विचारायला आली नाही. मीच गेलो, तर बाहेर टेबलापाशी तिला लोकांनी घेरलं होतं आणि शिंपी तिला सांगत होते की मनगटाचं ओरडायचं काम पुढच्या वर्षी आम्हाला द्या, आमच्याकडं नुसती एक चेन आहे.

पुढच्या रविवारी मी तिच्याकडं काहीतरी द्यायला गेलो तेव्हा टीव्ही बंद होता. दोघं जेवायला बसली होती आणि मावशी सरांची शिकवणी घेत होती. "तुम्ही फार उशीर केलात. दोरा फिरल्यावर मका म्हणून काय उपयोग? तोवर वोदाचा घास तोंडात गेला. पीठ पाण्यात पडतं ना, तेव्हाच उठायचं. आता म्हणून दाखवा."

सरांनी मान डोलावली. बोलता येईना, तोंडात मामालिगा होती.